हात वर

एकतीस वर्षं मी फेरीच्या डेकवर उभी होते.
पिवळं जाकीट, भिजलेले हातमोजे
आणि हे दोन हात:
ये, ये, अजून ये, डावीकडे घे, बस्स.
दुधाचे टँकर, मेंढ्यांचे ट्रेलर, एकदा एक शववाहिका,
सगळे माझ्या हातांकडे बघत आत आले.
कुणाचा आरसासुद्धा घासला नाही.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या फेब्रुवारीत
एका सकाळी स्वेटर डोक्यावरून जाईना.
बाहीत अर्धी अडकून बसून राहिले पलंगाच्या कडेला.
लोकरीच्या आत अंधार, स्वतःच्याच श्वासाची ऊब,
आणि दोन्ही खांद्यांवर
कुणी ओले दोर वेटोळून ठेवल्यासारखं.
मांड्याही तशाच.
संडासातून उठायचं तर बेसिनची विनवणी.
इलाज संपला की माणसं हात वर करतात.
मला तेवढंही जमेना.

अकराच्या सुमारास जरा सुटायचे,
उन्हाकडच्या बाजूने छपरावरचा बर्फ सुटतो तशी.
म्हणून कुणाला पटेना.
ऐविन, माझा भाऊ, म्हणाला, वय झालं, तोरदिस.
शेजारीण म्हणाली, गादी बदल.
मी गादी बदलली.

डॉक्टर नवी होती, उत्तरेकडची, मारेत नावाची.
केस विंचरता येतात का? कुशीवर वळता येतं?
कानशील दुखतं? चावताना जबडा?
डोळ्यांपुढे पडदा?
शेवटचे तीन प्रश्न तिने दोनदा विचारले.
रक्त काढलं. नळीत ते भराभर खाली बसलं म्हणे.
मग आजाराचं नाव सांगितलं: पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका.
मला वाटलं, एखादं ग्रीक मालवाहू जहाज असावं.

पंधरा मिलिग्रॅम, न्याहारीबरोबर.
तिसऱ्या सकाळी वरच्या फळीवरून
आईचा वॅफलचा लोखंडी साचा काढला, एका हाताने.
रडले वगैरे नाही.
पीठ भिजवलं.

पण फुकट काय मिळतं?
रात्री दोनला टक्क जागी, मोज्यांचे कप्पे आवरत.
भूक अशी की लोण्याला सुरी लावायचा धीर नाही.
तोंड वाटोळं. हाडांसाठी आणखी दोन गोळ्या,
साखरेसाठी बोटाला टोचणी.

जूनमध्ये पुतण्याचं लग्न.
फोटोत हे तोंड नको, म्हणून मी दहावरून
थेट पाचवर आले, कुणाला न विचारता.
चौथ्या दिवशी दोर परत.
सगळ्यांनी पेले उंचावले,
मी मांडीवर हात ठेवून हसत होते.

मारेत रागावली नाही.
तुमचं शरीर स्वतःचं औषध बनवायचं विसरलंय,
त्याला आठवायला वेळ द्या, म्हणाली.
मग म्हणाली, डेकवर गाडी कशी घ्यायचात?
हळू.
किती हळू?
मी उत्तर दिलं नाही. दोघींना माहीत होतं.

आता फ्रिजवर भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी
माझा तक्ता. महिन्याला एक मिलिग्रॅम खाली,
कधी अर्धाच. एकदा नोव्हेंबरात पुन्हा वर.
त्याखाली लाल अक्षरात, माझ्याच हातचं:
कानशील, जबडा, नजर. रात्री असली तरी फोन.
सकाळच्या फेरीची वाट बघायची नाही.

दोन हिवाळे गेले. सध्या चारवर आहे.
तीनवर गेले होते, टिकले नाही.
ऐविन विचारतो, संपणार कधी?
मी त्याला वॅफल देते.

नव्या फेरीवर हात करायला कुणी नसतं,
हिरवे बाण पेटतात, गाड्या आत जातात.
रोज सातला खिडकीत उभी राहून
मी उजवा हात वर नेते, मग डावा,
कुठवर जातो बघायला.
खाली रांगेतला एखादा ड्रायव्हर
उलट हात करतो.
त्याला वाटतं, ओळखीची आहे.